मांडीवरच्या गिटारचा रंग

आमच्या लहानपणी गणपतीच्या मांडवात आरती आटोपली आणि कार्यक्रमाला अवकाश असला, की भोंग्यावर एक ठरलेली तबकडी लागायची. शब्द नाहीत, गायक नाही. ओळखीच्या सिनेमागीताची चाल तेवढी. ती वाजवणारं वाद्य एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नसे, घसरत घसरत जात असे. मोठी माणसं त्याला ‘हवाई गिटार’ म्हणत. हवाई हे एका बेटाचं नाव आहे हे आम्हाला बरंच उशिरा कळलं. तोवर विमानात वाजवायची काहीतरी वस्तू असावी अशीच आमची समजूत होती.

या वाद्याच्या सुरांवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्ही लिहितो आहोत ते त्याच्या अंगावरच्या रंगावर, पॉलिशवर आणि ठिगळांवर. विषय थोडा विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी सौंसरच्या एका घरातली अशी गिटार आमच्या हाती आली होती आणि तिच्या बाबतीत आमच्याकडून एक चूक घडली. ती पुढे सांगतोच. आधी वाद्याची ओळख करून घेऊ.

ही गिटार उभी धरत नाहीत. बाजेवर पोर निजवावं तशी मांडीवर आडवी ठेवतात, तारा वरच्या बाजूला. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी. तार बोटाने पडद्यावर दाबायचीच नसते, म्हणून तारा लाकडापासून चांगल्या उंच ठेवलेल्या असतात आणि पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा आखलेल्या असतात. कांडी सरकवली की मींड आपोआप निघते. विचित्र वीणा किंवा दक्षिणेतलं गोट्टुवाद्यम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात फार नवल वाटणार नाही.

वाजवण्याच्या या पद्धतीचं श्रेय हवाईतल्या लाई गावच्या जोसेफ केकुकू याला देतात. १८८९ च्या सुमारास शाळकरी वयात तो रेल्वेच्या रुळावरून चालत असताना त्याला एक बोल्ट सापडला आणि तो तारांवर घासून पाहताना हा आवाज निघाला, अशी गोष्ट सांगतात. दुसरी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक मुलगा जहाजावरून हवाईत पोचला आणि तार दाबण्याऐवजी घासून वाजवणं त्याने आधीच करून दाखवलं होतं, असाही दावा केला जातो. खरं-खोटं तिथले इतिहासकार पाहतील. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावलं हे मात्र पक्कं, आणि मग हे वेड जहाजांतून जगभर गेलं.

लाकडी गिटारचा आवाज मोठ्या सभागृहात पुरेना. म्हणून १९३१ मध्ये जॉर्ज बोशाँ आणि त्याच्या सोबत्यांनी तारांच्या कंपनांतून वीज निर्माण करणारी युक्ती बसवली. घोड्याच्या नालासारखी दोन चुंबकं, त्यांच्यामध्ये केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि चुंबकांच्या मधून जाणाऱ्या पोलादी तारा. तार हलली की गुंडाळीत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. १९३२ पासून ही गिटार विक्रीला आली. जगातल्या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारींची ही आजी, आणि ती मांडीवरची होती! पुढे प्रसिद्ध झालेल्या, गळ्यात अडकवायच्या गिटारी नंतरच्या.

आवाज आता विजेतून येणार, म्हणजे पोकळ लाकडी पेटीची गरज संपली. शरीर कशाचंही चालेल असं झालं. आणि इथूनच या वाद्याच्या रंगरूपाची गंमत सुरू होते.

पहिली गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. गोल पोट आणि लांब दांडा, म्हणून तिला नावच पडलं ‘तळणीचा तवा’. दिसायला चकचकीत, पण रंगमंचाच्या दिव्यांखाली धातू तापून प्रसरण पावायचा आणि सूर हलायचे. आमच्या पांढुर्ण्याच्या वैशाखात तर ती दर गाण्याला जुळवावी लागली असती. म्हणून १९३५ मध्ये त्याच कंपनीने बेकलाइटची गिटार काढली. बेकलाइट म्हणजे आपल्या आजोबांच्या घरातले ते काळे गोल स्विच ज्याचे असत, तेच. लिओ बेकलँडने १९०७ मध्ये शोधलेलं, एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा न वितळणारं कृत्रिम द्रव्य. काळ्या बेकलाइटवर चकाकत्या क्रोमच्या पट्ट्या बसवलेली ही गिटार आजही देखणी दिसते. दोष एकच, पडली की स्विचसारखीच तडकते.

मग सर्वांत नवलाची तऱ्हा आली: मोत्याच्या शिंपल्यासारखी चमकणारी गिटार. साध्या, स्वस्त लाकडाच्या फळीला वरून सेल्युलॉइडचा पातळ पत्रा चिकटवायचा. आतले सांधे, गाठी सगळं झाकलं जातं. अमेरिकेत मॅग्नाटोन, सुप्रो अशा कंपन्यांनी या गिटारी ढिगांनी विकल्या, बहुतेक घरोघरच्या शिकाऊ मुलामुलींना. तिकडे संडासाच्या बैठकीची झाकणंही याच पत्र्याची निघत, त्यामुळे वादक मंडळी त्या चमकीला थट्टेने तेच नाव देतात. आपल्याकडे हा पत्रा ज्यांनी पाहिला असेल तो बँडवाल्यांच्या ॲकॉर्डियनवर आणि ड्रमवर.

आता इथे जरा थांबू, कारण हा पत्रा आपल्या मातीशी नातं सांगतो. सेल्युलॉइड बनतं कापसापासून. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि गंधकाच्या तेजाबाची क्रिया करून त्यात कापूर मळला, की हा पदार्थ होतो. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायट याने तो बाजारात आणला. कंगवे, बाहुल्या, टेबल-टेनिसचे चेंडू आणि सिनेमाची जुनी रिळं, सगळी त्याचीच. हेच नायट्रोसेल्युलोज पातळ करून १९२० च्या दशकात मोटारींसाठी झटपट वाळणारा चकचकीत लॅकर निघाला आणि तोच लॅकर गिटारींवरही चढला. कडांना काळसर, मध्ये मधासारखा पिवळा असा जो रंग जुन्या गिटारींवर दिसतो, तो बहुधा याच लॅकरखालचा. सौंसर-पांढुर्ण्याच्या काळ्या जमिनीत कपाशी वेचणाऱ्यांना हे कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

दुसरं नातं लाखेचं. आपल्याकडच्या सुताराचं चपड्याचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे ती तयार करतात, आणि पळस तर आपल्या बांधाबांधावर आहे. सतार-तंबोऱ्यापासून विलायती व्हायोलिनपर्यंत पुष्कळ वाद्यांनी हे पॉलिश अंगावर घेतलं. एवढंच नाही, ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणाच्या होत्या, आणि जगाला ती लाख मुख्यतः भारत पुरवत होता. ग्रामोफोन कंपनीने कोलकात्यात १९०८ मध्ये सियालदहला आणि १९२८ मध्ये डमडमला कारखाना उभारला तो उगाच नव्हे. म्हणजे हवाई गिटारच्या अंगावर कापूस आणि तिच्या तबकडीत लाख! वाद्य परदेशी खरं, पण पुरतं परकं म्हणवत नाही.

राहिला चौथा प्रकार, सुरकुत्यांच्या रंगाचा. लिओ फेंडर हा पुढे जगप्रसिद्ध झालेला गिटार बनवणारा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी दुकान घातलं होतं. महायुद्ध संपताना, १९४५ मध्ये, डॉक कॉफमन या जोडीदाराबरोबर त्याने मांडीवरच्या गिटारी काढल्या, त्यांना करडा, भट्टीत भाजून सुरकुत्या पाडलेला रंग होता. यंत्रांच्या पेट्यांना असतो तसला. खडबडीत रंगात ओबडधोबड लाकूड झाकलं जातं. रेडिओ मेकॅनिकला सुचावी अशीच ही युक्ती. आम्हाला हा माणूस फार जवळचा वाटतो, कारण आपल्या गावांत या गिटारी जिवंत ठेवल्या त्या रेडिओ मेकॅनिकांनीच.

भारतात हे वाद्य रुजलं ते कोलकात्यात. १९२० च्या दशकाच्या शेवटी आशियाच्या दौऱ्यावर निघालेल्या हवाई मंडळींत ताऊ मो हा वादक होता; १९४० च्या दशकात त्याचं कुटुंब कोलकात्यात राहिलं आणि तिथल्या गार्नी नीस यांच्यासारख्यांनी त्याच्याकडून विद्या घेतली. बंगाल्यांनी मग ती अशी आपलीशी केली, की रवींद्रसंगीत हवाई गिटारवर वाजू लागलं. नझरुल इस्लामांचे पुत्र काझी अनिरुद्ध, बटुक नंदी, सुनील गांगुली यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. मुंबईत लखनौचे व्हॅन शिपले आले. ते व्हायोलिनही वाजवत आणि त्यांनी स्वतःसाठी आठ तारांची इलेक्ट्रिक हवाई गिटार करवून घेतली होती. हजारासिंग, चरणजित सिंग यांनीही सिनेमाच्या चाली याच वाद्यावर वाजवल्या. मुंबईच्या सिनेमा-वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांचा भरणा होता आणि धोबी तलावावर १८६५ पासूनचं फुर्टाडोंचं वाद्यांचं दुकान होतं, त्यामुळे गिटार त्या शहराला नवी नव्हती. शास्त्रीय बाजूने जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारला जादा तारा लावून रागदारी वाजवली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची १९६७ ची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी अनेकांच्या संग्रहात असेल. विश्वमोहन भट्ट यांची मोहन वीणा त्याच वाटेवरची.

आमच्या भागात हे सूर पोचले रेडिओवरून. तेव्हा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर, आणि नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली, आम्ही भोपाळकडे गेलो, पण रेडिओचा काटा नागपूरवरच राहिला. १९५२ मध्ये माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (माणूस पुण्याचा, मराठी!) यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गेली आणि सगळा देश रेडिओ सिलोन लावू लागला. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली तेव्हा कुठे ती गाणी घरी परतली. सिलोनवर काय आणि विविध भारतीवर काय, दोन कार्यक्रमांमधली रिकामी मिनिटं भरायला वाद्यावरची धून लागायची. आमच्या आधीच्या पिढीतल्या हौशी मंडळींनी ती ऐकली आणि त्यांना वाटलं, आपणही वाजवावी.

पण वाद्य आणायचं कुठून? १९५६-५७ नंतर परकीय चलनाची टंचाई आली, चैनीच्या वस्तूंची आयात आवळली गेली. विलायती गिटार मिळणं कठीण, तिचे सुटे भाग तर त्याहून. तेव्हा कोलकात्याची बनावट, नाहीतर सेकंडहँड, नाहीतर सरळ सुताराकडून सागाची फळी तासून घ्यायची. मांडीवरच्या इलेक्ट्रिक गिटारचं तेच तर सोपं असतं; पोकळ पेटी नको, वाकवलेली फळी नको. सागाचा ठोकळा, सहा खुंट्या, एक घोडी, आणि आवाजापुरती चुंबक-गुंडाळी.

आम्ही मंडळातले चौघेजण गेली दोन वर्षं अशा गिटारी शोधतो आहोत. हाती लागल्या दोनच, पण दोन्ही तऱ्हेवाईक.

पहिली पांढुर्ण्याची. घरच्यांच्या सांगण्यानुसार ती १९६० च्या दशकात नागपूरहून आली. बनवणाऱ्याची पाटी निघून गेलेली, दोन खिळ्यांची भोकं तेवढी शिल्लक. अंगावर तोच मोतिया पत्रा. मुळात पांढरा असणार, आता जुन्या दातासारखा पिवळा पडला आहे आणि आक्रसल्यामुळे कडांना बोटभर लाकूड उघडं पडलं आहे. एका कोपऱ्यातला टवका गुलाबी नेलपॉलिशने भरलेला होता. आम्ही आधी हसलो. मग लक्षात आलं की ही दुरुस्ती बरोबर आहे, कारण नेलपॉलिशही नायट्रोसेल्युलोजचंच असतं. ते पत्र्याशी एकजीव होतं आणि साठ वर्षांनीही निघालेलं नाही. घरातल्या कुठल्या ताईने हे केलं ते विचारलं, पण कोणी कबूल होईना.

तारा जिच्या खाचांतून जातात ती वरची पट्टी, सतारीत जिला मेरू म्हणतात ती, लाल रंगाची होती. निरखून पाहिलं तर दात घासायच्या ब्रशाची दांडी! कानशीने घासून सहा खाचा पाडलेल्या. आत चुंबकाखाली चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद अंथरलेला होता, बाहेरची गुणगुण अडवण्यासाठी. हीसुद्धा योग्य रीत आहे. कारखान्यात त्या जागी तांब्याचा पत्रा लावतात. आणि गुंडाळी? ती मूळची नव्हतीच. कारखान्याच्या गुंडाळीची तार एक मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाएवढी बारीक असते आणि तिचे हजारो वेढे असतात. इथे पंख्याच्या मोटारीची, तिच्याहून जाड तार वापरलेली. जाड तारेचे वेढे त्या जागेत कमी बसतात, म्हणून आवाज क्षीण निघतो, पण स्वच्छ निघतो. पंखे बांधणाऱ्या कारागिराने हे केलेलं दिसतं. पांढुर्ण्यात तेव्हा दुसरं कोण करणार होतं?

सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते जोडणीच्या भोकाजवळच्या एका कागदी कंडेन्सरने. तारांना जाणारी अर्थची वायर कोणीतरी कापून मधे तो टाकला होता. प्रथम आम्हाला तो निकामी कचरा वाटला. नंतर उलगडलं. त्या काळी सगळ्यांकडे ॲम्प्लिफायर नसे. गिटार रेडिओच्या मागे, ग्रामोफोन जोडायच्या खोबणीत लावत. काही स्वस्त रेडिओ एसी आणि डीसी दोन्हींवर चालत आणि त्यांच्या सांगाड्यातच मेन्सची वीज खेळत असे. प्लग उलटा बसला तर ती थेट गिटारच्या तारांत, म्हणजे वाजवणाऱ्याच्या बोटांत! कुण्या जाणत्या मेकॅनिकने मधे कंडेन्सर टाकून तो झटका अडवला होता. त्या अनोळखी माणसाने कदाचित कुणाचा जीव वाचवला असेल. (इथे एक विनंती. जुना कागदी कंडेन्सर वयाने गळका होतो, त्याच्यावर आता विसंबू नये. अशी गिटार घरात असेल तर जुन्या रेडिओला कदापि जोडू नका. पक्क्या अर्थिंगच्या तीन पिनांच्या ॲम्प्लिफायरवरच लावा. आणि सेल्युलॉइडजवळ सोल्डरची तापलेली इस्त्री नेऊ नका. ते सिनेमाच्या जुन्या रिळासारखं भुर्रकन पेटतं.)

दुसरी गिटार सौंसरची. ही सागाच्या ठोकळ्याची, गावठी बनावटीची. वाजवणारे काकाजी आता नाहीत. आजींनी ती मंडळाच्या प्रदर्शनासाठी आमच्या स्वाधीन केली. वर हिरवा ऑइलपेंट, ट्रॅक्टरला देतात त्या जातीचा, ठिकठिकाणी पोपडे आलेले. घोडी पितळेच्या पट्टीची, एखाद्या फुटक्या भांड्याच्या काठातून कापलेली असावी. आवाजाचा नॉब रेडिओचा. तो काढला तेव्हा त्याच्याखाली रंगांची तीन कडी दिसली: वर हिरवा, त्याखाली गेरूसारखा लाल, सगळ्यांत खाली चपड्याचं मधाळ पॉलिश. झाडाच्या खोडात वर्षांची कडी दिसावीत तशी.

एवढं पाहूनही आम्ही शहाणे झालो नाही. उत्सवाला पाच दिवस उरले होते, मांडवात वस्तू कशी दिसली पाहिजे नवी कोरी, या हौसेने आम्ही सँडपेपर हाती घेतला. मागच्या बाजूपासून सुरुवात केली. तिथे हिरवा रंग नव्हता, उघड्या पॉलिशवर खिळ्याने ओढल्यासारखे पुष्कळ बारीक ओरखडे होते. ते घासून काढले की लाकूड कसं छान गुळगुळीत होईल, असं म्हणत निम्मी बाजू साफ केली. आमच्यात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला माणूस होता, आणि ज्याच्या घरी तीन पिढ्या सुतारकी चालली तोही होता. एकालाही थांबावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजी काम पाहायला आल्या. गिटार उलटी केली, हात फिरवला आणि म्हणाल्या, “काहून रे बाप्पा, मागचं लिहेल कुठी गेलं?”

आम्हाला कळेना. मग त्यांनी उरलेल्या अर्ध्या बाजूवरचे ओरखडे बोटाने दाखवले. ते ओरखडे नव्हतेच. काकाजी ज्या ज्या गावच्या गणपतीत वाजवायला जात, तिथून परत आल्यावर खिळ्याने गावाचं पहिलं अक्षर आणि एक उभी रेघ ओढत. ‘लो’ म्हणजे लोधीखेडा, ‘मो’ म्हणजे मोहगाव, ‘पि’ म्हणजे पिपला. दरसालची एक रेघ. आजींना अक्षर-ओळख बेताची, पण ती रेघ ओढताना त्या समोर बसलेल्या असत, म्हणून त्यांना सगळी पाठ. “छोट्या गाडीनं जात रात्रीचे,” त्या म्हणाल्या, “अन् मी कंदील घेऊन बसो.” रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर आम्ही थोडं वाचलं, विचारपूस केली. आपल्याच महाराष्ट्रात यावर विचार करायला एक मोठं उदाहरण आहे, ते मिरजेचं. मिरजेची सतार-तंबोऱ्याची परंपरा सुरू झाली तीच दुरुस्तीतून. १८५० च्या आसपास तिथले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ हे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया थांबल्या, धार लावायला शस्त्रं उरेनात. गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता या मंडळींनी ती घडवायलाच घेतली. आज त्या सतारी-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, २०२४ साली. तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर तिथे तो फेकून देत नाहीत. आतून पट्टी लावून चिकटवतात, वरून पुन्हा पॉलिश करतात. जाणकार गवयाला त्या चिरेची लाज वाटत नाही. आवाज लागला की झालं.

जुन्या गिटारींचे परदेशी संग्राहक मात्र दुसऱ्या टोकाला गेलेले आहेत. मूळ रंग असेल तर किंमत जास्त, पुन्हा रंगवली की किंमत पडली. त्यांच्या हिशेबात आमच्या सौंसरच्या गिटारची किंमत शून्य, आणि पांढुर्ण्याची नेलपॉलिशवाली तर थट्टेचा विषय. हा हिशेब आम्हाला मान्य नाही. आपल्याकडे वस्तू मूळ रूपात ठेवायला कपाटात नव्हती, वापरायला होती. लाल रंग दिला कारण एका पावसाळ्यात पॉलिश पांढरं पडलं असेल. भाद्रपदातल्या दमट हवेत चपड्याचं तसंच होतं. हिरवा दिला कारण घरात हिरवाच डबा उघडा होता. हे सगळे थर त्या गिटारचे मूळचेच धरायला हवेत. पण वापरातली दुरुस्ती वेगळी आणि मांडवात चमकावी म्हणून केलेली सफाई वेगळी. काकाजींनी हिरवा रंग दिला तेव्हासुद्धा मागची बाजू सोडून दिला होता, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशी वस्तू असेल त्यांना आम्ही अनुभवाचं सांगतो. आधी चारी बाजूंनी, उजेड तिरपा पाडून, फोटो काढा. तिरप्या उजेडात कोरलेलं दिसतं, सरळ उजेडात दिसत नाही. आम्हाला हे नंतर कळलं. तारा एकदम सोडू नका, थोड्या थोड्या सैल करा. कोरड्या सुती फडक्याने धूळ टिपा. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं पाणी दूर ठेवा, सेल्युलॉइड आणि लॅकर दोन्ही त्यात विरघळतात. स्पिरिटने चपडा जातो. मोतिया पत्र्याची गिटार बंद पेटीत कोंडू नका, जुनं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या खुंट्या गंजवतं. नालाच्या चुंबकांची गिटार असेल तर चुंबक काढताना त्याच्या टोकांना लोखंडाचा तुकडा चिकटवून ठेवावा, नाहीतर त्याचा जोर कमी होतो. सुटे काढलेले भाग, अगदी ब्रशाची दांडीसुद्धा, पाकिटात घालून वर नाव लिहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी दाखवा. आम्ही गिटार आणायला गेलो तेव्हा आजी पाच हातांवर बसलेल्या होत्या. विचारायला पाच मिनिटं लागली असती.

सौंसरच्या गिटारची मागची बाजू आम्ही अर्धीच ठेवली आहे. घासून उघड्या पडलेल्या सागाला ओल लागू नये म्हणून चपड्याचा एक पातळ हात दिला, बाकी काही नाही. आजींना पाठ असलेली गावं आणि रेघा त्यांच्या तोंडून वहीत उतरवून घेतल्या. एकंदर एकोणीस गावं निघाली, त्यांतली अकरा लाकडावर आहेत, आठ आता वहीत. मंडळातला एक जण म्हणाला, ती आठ अक्षरं पुन्हा कोरून टाकू. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही गेल्ते का वाजवाले?”

यंदा दोन्ही गिटारी मांडवात डाव्या हाताला, काचेच्या पेटीत आहेत. सौंसरची पालथी ठेवली आहे.